कार्ड शेवटी घ्या

प्रश्न : घरी पाच वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे. कोअर आय३-१०१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबीची हार्ड डिस्क, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड (खेळाचं चित्र तयार करणारं), साधा लोकल एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. मुलगा ‘जीटीए ५’ खेळतो, पण चित्र मध्येच अडकतं. दुकानदार म्हणतात, आरटीएक्स ३०६० हे मोठं कार्ड टाका. टाकू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आत्ताच नको. या खेळाला तुमचं कार्ड पुरतं. अडकतं म्हणजे नेमकं काय होतं, ते एकदा मुलाच्या शेजारी बसून बघा. सगळा खेळच संथ चालत असेल, तर कार्डावर संशय घेऊ. पण एरवी सुरळीत आणि गाडी जोरात पळवली की इमारती उशिरा उमटतात, क्षणभर सगळं थिजतं, असं असेल तर हार्ड डिस्क आणि रॅम कमी पडतेय. खात्री करायची तर विंडोजमधला टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवा, चित्र अडकलं की लगेच खेळातून बाहेर येऊन परफॉर्मन्सचा टॅब बघा. मागच्या मिनिटाचा आलेख तिथे दिसतो. डिस्क शंभर टक्क्यांना टेकलेली आणि रॅम काठोकाठ भरलेली दिसली, तर दुकानदारांना नमस्कार सांगा.

८ जीबीची आणखी एक डीडीआर४ प्रकारची रॅम स्टिक आणा. दोन स्टिक झाल्या की रॅम ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून चालते, तो फायदा वेगळाच. वरच्या स्पीडच्या रॅमला जादा पैसे मोजू नका, हा प्रोसेसर ती २६६६ च्या स्पीडवरच चालवतो. सोबत ५०० जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) घ्या आणि विंडोज व खेळ दोन्ही तिच्यावर टाका. जुनी डिस्क फोटो-सिनेमांना राहू द्या.

आता ३०६० बद्दल. तुमचं कार्ड ७५ वॉटचं, मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेणारं. ३०६० ला १७० वॉट लागतात, वेगळी पॉवर केबल लागते आणि कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. लोकल एसएमपीएसच्या लेबलवर ४५० लिहिलेलं असलं तरी मी त्यावर हे कार्ड लावणार नाही. शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. खेळ रंगात असताना लाइट गेली, तर तो कॉम्प्युटरसकट बसण्याची शक्यता आहे. म्हणजे कार्डाच्या मागोमाग आणखी दोन खरेद्या आल्या. दुकानदार हे आधी सांगत नाहीत, हा माझा या धंद्यातला अनुभव.

एक फुकटचा उपाय आधी करा. मागे वाकून मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. टॉवर उभा असेल तर वरची उभी पोर्टं बोर्डाची, खालची आडवी कार्डाची. आमच्याकडे ‘कार्ड बिघडलंय’ म्हणून आलेल्या कितीतरी मशीनची केबल वर लावलेली निघते आणि कार्ड बिचारं आत नुसतं बसून असतं!

नव्या खेळांसाठी पुढे कार्ड हवंच झालं, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघा. ते ७० वॉटचं आहे, बहुतेक मॉडेलांना वेगळी केबल लागत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड मात्र स्वस्त मिळालं तरी नको. ते बोर्डाशी चारच लेनवर (माहिती ये-जा करायच्या वाटांवर) बोलतं आणि तुमच्या बोर्डाचा कार्डाचा स्लॉट जुन्या, संथ पीसीआय एक्सप्रेस ३.० पिढीचा, तिथे ते पूर्ण ताकदीनं चालत नाही. ३०६० चाच हट्ट असेल, तर एसएमपीएस आणि यूपीएस धरून कोटेशन मागा.