डोंगरावरची जमीन आणि नंदाताईंचं ‘नको’

निवृत्तीनंतर उन्हाळा डोंगरावर काढायचा, त्यासाठी आत्ताच जमीन घेऊन ठेवायची, असं घरातला एक जण ठरवतो आणि दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. अशी जोडपी हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी बरीच येतात. त्या दुसऱ्याचं म्हणणं साधारण असं असतं : ‘नको म्हटलं तर यांचं स्वप्न मोडल्याचं खापर माझ्यावर. हो म्हटलं तर म्हातारपणी हातात काही राहायचं नाही. मी करू काय?’

या पेचात सापडलेल्यांसाठी एका जोडप्याची हकिगत सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

विलासराव सत्तावन्न वर्षांचे, चिंचवडच्या एका कारखान्यात अभियंता. नंदाताई शाळेत शिक्षिका. मुलगी बंगळुरूला, घरात नंदाताईंची ब्याऐंशी वर्षांची आई. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीकडे उतरणाऱ्या भागात विलासरावांनी डोंगराच्या सोंडेवर एक तुकडा पाहिला होता. खाली कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, समोर दाट जंगलाचे डोंगर. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतला मोठा वाटा त्यात घालायचा बेत होता. एजंटला एक लाख रुपये विसारही देऊन झाला होता. नंदाताईंना तो बँकेच्या मेसेजवरून कळला.

पहिल्या भेटीत दोघंही माझ्याशीच बोलत होते, एकमेकांशी नाही. नंदाताईंकडे शंकांची यादी तयार होती. पाणी कुठनं आणणार, रात्री आईच्या छातीत दुखलं तर साताऱ्यापर्यंत कसं पोचणार, दरड आली तर काय. शेवटची भीती हवेतली नव्हती. जुलै 2021 मध्ये त्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. 2014 चं माळीण कुणीच विसरलेलं नाही. प्रत्येक शंकेवर विलासराव एकच उत्तर देत होते, “होईल सगळं.” आणि मग माझ्याकडे वळून, “हिला कधी कशाचा आनंदच होत नाही, मॅडम.”

या वाक्यापाशी मी थांबले. माझ्या अनुभवात अशा घरांमध्ये कामाची एक वाटणी नकळत होऊन बसते. आनंद सगळा एकाच्या वाट्याला येतो आणि काळजी सगळी दुसऱ्याच्या. जो स्वप्न पाहतो त्याला कागद बघावे लागत नाहीत, कारण ते काम बायको करतेच आहे. जिच्याकडे काळजी आली तिला त्या डोंगरावर आपल्याला काय आवडलं असतं, हा विचार करायला फुरसतच मिळत नाही. मग प्रत्येक व्यावहारिक प्रश्न हा नवऱ्यावरचा हल्ला वाटू लागतो. ‘पाणी कुठून आणणार?’ हा खरं तर जमिनीबद्दलचा प्रश्न आहे, पण विलासरावांना तो ‘तुम्हाला काही कळत नाही’ असा ऐकू येत होता.

या जमिनीची ओढ कुठून आली, हे मी त्यांना विचारलं. ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. हवा चांगली आहे, गुंतवणूक म्हणून चांगली आहे, त्या भागात पुढे मोठं पर्यटन येणार आहे. मग नंदाताईच म्हणाल्या, “अहो, आप्पांचं सांगा ना.”

आप्पा म्हणजे विलासरावांचे वडील. कोयना धरणात गाव गेलेल्यांपैकी. पन्नास-साठच्या दशकात ते धरण उभं राहिलं तेव्हा त्या खोऱ्यातली हजारो कुटुंबं उठली. कुणाला सांगली-सोलापूरकडे जमिनी मिळाल्या, कुणाला ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात. आप्पांचं कुटुंब कुलाब्यात गेलं. विलासराव तिथलेच, जुनं गाव त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पण लहानपणी रोज रात्री जेवताना आप्पा त्या गावातल्या एकेका खाचराचं नाव घेऊन बोलायचे. कुठल्या खाचरात भात चांगलं यायचं, कुठल्या बांधावर फणस होता. सोंडेवरून जे पाणी दिसतं त्याच्याखाली तो फणस होता, एवढं सांगताना विलासरावांचा आवाज बसला.

नंदाताईंना हे सगळं लग्नापासून ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांना ‘नको’ म्हणणं जड जात होतं. गुंतवणुकीला नको म्हणता येतं, सासऱ्यांच्या बुडालेल्या गावाला नको कसं म्हणायचं?

असं काही उघड झालं की समोरच्यानं विरघळून ‘घ्या मग जमीन’ म्हणावं, अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असते. मी ते होऊ दिलं नाही. आप्पांच्या दुःखाचा मान ठेवायचा तर तो बसून, बोलून, त्या काठावर जाऊन ठेवता येतो. एजंटच्या कागदावर सही केल्यानं तो राखला जातो असं मला वाटत नाही. त्यातून उद्या व्यवहार फसला तर एकाच कुटुंबाची जमीन दोनदा गेली असं व्हायचं, आणि हे मी विलासरावांना स्पष्ट शब्दांत सांगितलं.

मग कामांची अदलाबदल केली. पुढच्या भेटीपर्यंत नंदाताईंनी एकही शंका काढायची नाही. त्यांनी फक्त एवढंच लिहून आणायचं की तिथं घर झालंच तर त्यात आपल्याला काय हवं. आणि शंका विलासरावांनी गोळा करायच्या, स्वतः जाऊन, स्वतःच्या अक्षरात. एजंटनं सांगितलेली एकही गोष्ट त्या वहीत चालणार नव्हती.

पेशानं अभियंता असलेला माणूस, एकदा वही हातात आल्यावर कसून कामाला लागला. डिजिटल सहीचा सातबारा काढला, त्यावरून फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी काढल्या. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची निघाली, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरण नाही. मयत खातेदाराच्या वारसांत दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. एजंटनं दिलेल्या साठेखताच्या, म्हणजे विक्रीआधीच्या कराराच्या मसुद्यात नावं फक्त दोघा भावांची. बहिणींचं हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. भूमी अभिलेखच्या कार्यालयात जाऊन त्यांनी नकाशाची प्रत घेतली, तर गटाला लागून रस्ताच नव्हता. ज्या वाटेनं एजंट त्यांना गाडीतून वर नेत असे ती दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातून काढलेली होती. ‘एनए करून देऊ’, म्हणजे जमीन बिगरशेती करून देऊ, हे वाक्य तर एजंट चहाबरोबर देत असे. पण जवळच कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, पलीकडे 2001 पासून पर्यावरणसंवेदनशील म्हणून जाहीर झालेला महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर. अशा मुलखात कुठल्या गटात बांधता येईल हे गावागणिक बदलतं. ते लेखी विचारावं लागतं, आणि उत्तरही लेखीच घ्यावं लागतं.

या सगळ्यापेक्षा त्यांच्यावर परिणाम केला तो पाण्यानं. आजवर ते तिथं पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर गेले होते. सगळीकडे हिरवं, ओढे वाहते. या वेळी मी त्यांना एप्रिलअखेर जायला सांगितलं, आणि दुपारी नाही तर पहाटे, पाणी भरायच्या वेळेला. सोंडेखालच्या झऱ्यावर दोन बायका बसल्या होत्या. एक जण वाटीनं पाणी हंड्यात भरत होती. वाटी बुडेल एवढं पाणी साचेपर्यंत थांबायची, मग पुन्हा भरायची. विलासराव तिथं हंडा भरेपर्यंत उभे राहिले. त्या बाईनं त्यांना विचारलं, “पाव्हणं, तुमी वर घर बांदणार म्हनं. पानी कुठलं?” त्यांनी वहीत तेवढंच लिहून आणलं होतं, तिच्याच शब्दांत. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पाऊस अफाट पडतो, पण उतारावरून तो धावत खाली जातो. काळ्या पाषाणात बोअरला पाणी लागेलच असं नाही. जून ते सप्टेंबर पागोळ्या मोजणारं गाव चैत्र-वैशाखात हंडे मोजतं. उन्हाळी घर बांधायचं ते नेमकं या महिन्यांसाठी.

आता नंदाताईंचा कागद. तो वाचताना त्यांना संकोच वाटत होता, कारण एवढ्या वर्षांत त्यांनी हे कधी मोठ्यानं म्हटलेलंच नव्हतं. त्यांना सोंडेवरचं एकटं घर नकोच होतं. शेजार हवा होता. सकाळी ओटीवर बसल्यावर रस्त्यानं जाणाऱ्या बाईशी चार शब्द बोलता यावेत, एवढी साधी गोष्ट. आणि एक वाक्य त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं होतं : ‘सुट्टी सगळ्यांची आणि चूल माझी, असं घर मला नको.’ दर शनिवारी पुण्याहून पाहुणे येणार आणि आपण भाकऱ्या थापणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे दरडीहून मोठं होतं. दरडीबद्दल बोलणं मात्र सोपं होतं, म्हणून त्या इतकी वर्षं दरडीबद्दलच बोलत राहिल्या.

विलासराव ऐकून घेत होते. मग म्हणाले, “तुला डोंगरच नकोय असं मला वाटत होतं.”

तो व्यवहार त्यांनी सोडला. विसाराची रक्कम परत मिळवायला वकिलाची नोटीस पाठवावी लागली आणि पैसे हप्त्याहप्त्यानं आले. जमिनीचा शोध थांबलेला नाही, पण त्याची दिशा बदलली. आता ते गावठाणातलं जुनं घर बघताहेत. शेतजमीन घ्यायला कूळ कायद्याप्रमाणे खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. विलासरावांचं नाव वडिलांना मिळालेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे त्यांना ती अडचण नव्हती. पण नंदाताईंचेही पैसे त्यात जाणार असतील तर त्यांचंही नाव कागदावर हवं, आणि गावठाणातल्या घराच्या बाबतीत ते सोपं जातं. हा मुद्दा नंदाताईंनीच काढला. मध्यंतरी मे महिन्यात त्यांनी तळाच्या गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आजीलाही नेलं. स्वयंपाकाला गावातल्याच एक बाई होत्या, त्यांना ठरलेले पैसे दिले. जुलैतही एक आठवडा मुद्दाम राहून आले. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते, दोन दिवस वीज नसते, हे सगळं नंदाताईंनी फोनवर मला मोठ्या उत्साहानं सांगितलं. उन्हाळ्यात जलाशयाचं पाणी उतरतं तेव्हा काठाची जुनी जमीन उघडी पडते, लोक तिथं गाळपेर करतात. त्या गाळात विलासराव मुलीला घेऊन गेले आणि आप्पांच्या खाचरांची नावं त्यांनी तिला सांगितली.

तुमच्या घरात हीच ओढाताण चालू असेल तर अदलाबदलीचा हा प्रयोग समुपदेशकाशिवायही करता येतो. एकच अट आहे. ज्याच्याकडे शंका सोपवल्या त्यानं कार्यालयाच्या पायऱ्या स्वतः चढायच्या, आणि ज्याच्याकडे इच्छा सोपवल्या त्यानं ‘मला काय, तुम्ही ठरवाल ते’ म्हणून सुटायचं नाही. दुसरं वाक्य बायकांच्या तोंडी फार येतं. ते मान्य करू नका.

जोडीदारानं न सांगता विसार देऊन टाकला असेल तर काय करायचं, असं विचारणारेही पुष्कळ आहेत. आधी पावती बघा. कुणाच्या नावानं आहे, गट नंबर लिहिला आहे का, व्यवहार फिसकटला तर रक्कम परत देण्याचं कलम आहे का. पुढचा एकही रुपया देण्याआधी जमिनीचे व्यवहार बघणाऱ्या वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगा आणि सरकारी मोजणी झाल्याखेरीज हद्द मान्य करू नका. वकिलाकडे दोघांनी मिळून जा. न सांगता पैसे दिल्याचं भांडण वेगळं आहे, ते खरं आहे आणि त्याला वेगळा वेळ द्यायला हवा. विश्वास दुखावला गेलाय तो जमीन चांगली निघाली म्हणून भरून येत नाही, आणि वाईट निघाली म्हणून जोडीदाराला आयुष्यभर ऐकवत राहण्याचा परवानाही मिळत नाही. तेवढं बोलणं एकट्यानं जमत नसेल, तर त्यासाठी जरूर आमच्यासारख्या कुणाकडे या. जमिनीचे कागद घरी ठेवून आलात तरी चालेल.