वाचक विचारतात: पुण्याला दुसरं विमानतळ लागतं का, अन् मग विदर्भाला?

अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान उडायला लागलं तेव्हापासून विमानतळावरची पत्रं वाढलीत, त्यातली चार इथे घेतोय. पत्रांची भाषा वाचकांची आहे तशीच ठेवलीये.

माहा पोरगा पुण्यात आयटीत हाये. तो म्हन्ते का पुण्याचं एअरपोर्ट पुरत नाही, पुरंदरले नवं पाह्यजेच. तिकडचे शेतकरी तर जमीन द्याले तयार नाहीत, टीव्हीवर पाह्यलं. पुण्यात आत्ताच एवढी मोठी बिल्डिंग बांधली ना, मंग पुन्हा नवं काहून?
*– एक वाचक, ता. दर्यापूर*

भाऊ, तुमचा पोरगा बरोबर सांगतोय. बिल्डिंग नवी झाली हे खरं, मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालं आणि जुलैपासून लोक तिथून ये-जा करू लागले, पण ते टर्मिनल आहे, म्हणजे माणसांनी बसायची, सामान द्यायची जागा. विमान उतरतं रनवेवर आणि पुण्याला रनवे एकच आहे. आपल्याकडे जिनिंगचं यार्ड कितीही मोठं केलं तरी काटा एकच असला तर कापसाच्या गाड्यांची लाइन रोडपर्यंत येतेच ना, तसंच ते आहे.

आणि तो एक रनवेही पुण्याच्या लोकांच्या मालकीचा नाही, लोहगाव हा वायुसेनेचा तळ आहे. फायटर विमानांचा सराव आधी, मग जे तास उरतील त्यात प्रवासी विमानं बसवायची. २०२० च्या ऑक्टोबरपासून वर्षभर रनवेच्या डागडुजीसाठी रात्रीची उड्डाणं बंद होती आणि २०२१ च्या ऑक्टोबरात तर दोन आठवडे अख्खं विमानतळच बंद ठेवावं लागलं, एवढ्या मोठ्या शहरातून एकही प्रवासी विमान उडालं नाही. दुसरा रनवे असता तर एकावर काम आणि दुसऱ्यावर विमानं असं जमलं असतं. २०२४-२५ मध्ये पुण्याचे प्रवासी वर्षाला एक कोटीच्या वर गेले. लोहगावचा रनवे लांब करायचं चाललंय, त्याने मोठी विमानं उतरतील, पण दुसरा रनवे घालायला तिथे जागाच नाही, चारही बाजूंनी वस्ती झालीये. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पुण्याला नवं विमानतळ लागतं.

उशीर झाला की काय होतं ते मुंबईत दिसलं. मुंबईला रनवे दोन आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो. नवी मुंबईच्या विमानतळाचा विचार १९९७ मध्ये पुढे आला आणि उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे २८ वर्षं. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली आणि तोवर मुंबईवर विमानं घिरट्या घालत इंधन जाळत राहिली. पुण्याचंही तसंच चाललंय, आधी चाकण-खेडकडची जागा म्हणाले, ती सुटली, मग २०१६ मध्ये पुरंदर जाहीर झालं आणि अजून आपण जमिनीवरच बोलतोय.

आता पुरंदरच्या शेतकऱ्यांचं, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा जीव तिथे आहे. विमानतळ लागतं म्हणून जमीन कशीही घ्यायची मुभा कोणाला मिळत नाही. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी अशी ही सात गावं. तालुका मूळचा कोरडवाहू, पण लोकांनी अंजीर आणि सीताफळावर घरं उभी केली, पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. अंजिराची बाग लावून ती हाताशी यायला वर्षं जातात, पैसे मिळाले म्हणून पुढच्या हंगामात दुसरीकडे तीच बाग उभी राहत नाही. मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला गेले तेव्हा गावकरी आणि पोलिसांत झटापट झाली, ते काही विकासाला विरोध करायचा म्हणून रस्त्यावर आले नव्हते.

मला सगळ्यात जास्त खटकली ती एक गोष्ट. आधी २,६०० हेक्टरच्या वर जमीन लागते असं सांगितलं, लोक अडून बसले, मग मागणी जवळपास अर्ध्यावर आणली. अर्ध्या जमिनीत विमानतळ बसत होतं तर पहिल्या दिवशी दुप्पट कशाला मागितली? ज्यांची वावरं उगाच त्या यादीत होती त्यांनी तेवढी वर्षं काय केलं असेल, ना विहीर खोदता येत, ना बँक धड कर्ज देत, ना पोरीच्या लग्नाला एकर विकता येत. रनवेला लागते तेवढी जमीन मागा, हिशोब गावासमोर मांडा, भाव चांगला द्या, असं केलं असतं तर मला वाटतं निम्मी भांडणं झालीच नसती.

यवतमाळची धावपट्टी वर्षानुवर्षं पडून हाये, अकोल्याची वाढता वाढत नाही, चंद्रपूरचं अडलं. पुण्या-मुंबईले दुसरं भेटते अन् आमाले पयलंही नाही. नागपूर एवढं वाढून राह्यलं, मंग विदर्भानं नवं विमानतळ काहून नाही मागायचं?
*– एक वाचक, ता. कळंब, जि. यवतमाळ*

दादा, तुमचा राग समजतो आणि अनुशेषाचं दुःख खरंच आहे. पण पुण्याला जी कसोटी लावली तीच इथेही लावू, आहे तो रनवे भरला का? नागपूरचा नाही भरला. नागपूरलाही मुख्य रनवे एकच आहे, पण तो ३,२०० मीटरचा, मोठी विमानं उतरतील असा, आणि वर्षाचे प्रवासी तीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. दुसऱ्या रनवेची सोय मिहानच्या, म्हणजे नागपूर विमानतळाला लागून असलेल्या कार्गो-उद्योग प्रकल्पाच्या, आराखड्यात आहे आणि त्यासाठी शिवणगावच्या लोकांनी जमिनी गमावल्याही आहेत. म्हणजे नागपूर उद्या दुप्पट झालं तरी आहे तिथेच वाढता येतं, नवी जागा शोधायची गरज नाही.

आणि नागपूरची जागाच अशी आहे की तिला पर्याय नको. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला येऊन टपालाची अदलाबदल करून परत जायची. देशाच्या मधोमध असण्याचा तो फायदा आजही आहे, मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं केंद्र आलं ते उगाच नाही. मात्र विमानतळ खासगी कंपनीकडे द्यायची प्रक्रिया पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०२४ पर्यंत लटकली, त्यात नागपूरची महत्त्वाची वर्षं गेली. विदर्भाने भांडायचं तर ह्यावर भांडावं, की आहे ते विमानतळ जोरात चालवा, कार्गो वाढवा, दुसरा रनवे ठरल्याप्रमाणे करा.

जिल्ह्याजिल्ह्याच्या धावपट्ट्यांचं वेगळं सांगतो. अमरावतीचं बेलोरा १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, १,८५० मीटरची धावपट्टी, छोटं ७२ सीटचं विमान, त्याचा मला आनंदच आहे, कारण धावपट्टी आधीचीच होती, ती वाढवून वापरात आणली. गोंदियाचं बिरसी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलं, २०२२ मध्ये तिथून प्रवासी विमान सुरू झालं, काही महिन्यांत थांबलं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केलं. अकोल्याच्या शिवणीला साधारण १,४०० मीटरची धावपट्टी आहे, ती वाढवायला जमीन लागते आणि त्यावरच वर्षानुवर्षं गाडं अडलं. तुमची यवतमाळची धावपट्टी २००९ मध्ये ९५ वर्षांच्या लीजवर खासगी कंपनीला दिली गेली, पण तुमच्या गावातून कोणी तिथून नियमित विमानाने मुंबईला गेलंय का? चंद्रपूरला मोरव्याजवळ वीज केंद्राच्या चिमण्या आडव्या येतात म्हणून राजुऱ्याकडे मूर्ती-विहीरगावची जागा धरली, तिथे जंगल आणि वाघाच्या वाटेचा प्रश्न उभा राहिला. ताडोब्याच्या नावावर पर्यटक बोलवायचे आणि वाघाचीच वाट तोडायची हे मला पटत नाही, ताडोब्याला नागपूरहून रोडने आरामात जाता येतं.

विमानतळ बांधलं म्हणजे विमान येतंच असंही नाही. छोट्या शहरांसाठीच्या उडान योजनेवर कॅगचा, म्हणजे सरकारचे हिशोब तपासणाऱ्या संस्थेचा, २०२३ चा रिपोर्ट आहे, त्यात तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत आणि जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षांची सबसिडीची मुदत पूर्ण केली. सबसिडी संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून होते ते फक्त ५४. म्हणजे सरकारचा पैसा आहे तोवर विमान, मग पंख झाकून ठेवायचं. धावपट्टीसाठी गेलेली जमीन मात्र परत येत नाही.

तुम्ही कळंबचे, म्हणून मनातलं बोलतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे २००८-०९ मध्ये मंजूर झाली आणि वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चाळीसेक किलोमीटरच्या रुळाला पंधरा वर्षं. शकुंतला तर बंदच पडली, मूर्तिजापूर-यवतमाळ आणि अचलपूरच्या लोकांची गरिबाची गाडी होती ती. ती ब्रॉडगेज करून चालू करा म्हणून लोक अजून मागतात. सावंगीच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा, पोराला नागपूरला परीक्षेला पाठवायचं, हे सगळं रेल्वेने आणि एसटीने होतं, आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या विमानाने होत नाही. समृद्धी ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाली, ७०१ किलोमीटर, पण तिच्या इंटरचेंजपर्यंत जायला गावातून धड बस नाही अशी कितीतरी गावं आहेत. यवतमाळच्या माणसाने आंदोलन करायचं तर नांदेडपर्यंतच्या रुळासाठी करावं असं मी ठामपणे म्हणतो. धावपट्टी जी आहे ती नीट ठेवा, एखाद्या सीरियस पेशंटला एअर ॲम्ब्युलन्सने न्यायचं तर ती कामाची आहे, तेवढी मागणी जरूर करा.

विमानतळ झालं का आमचा संत्रा डायरेक्ट दुबईले जाईन असं पुढारी सांगून राह्यले. खरं हाये काय?
*– एक वाचक ताई, ता. वरुड*

ताई, नाही. संत्र्याला वजन फार आणि किलोमागे भाव कमी, विमानाचं भाडं त्याला परवडत नाही. विमानाने जातात ती औषधं, इलेक्ट्रॉनिक माल, फार तर महाग आणि लवकर खराब होणारी फळं-फुलं. आणि छोट्या धावपट्टीवर उतरणाऱ्या ७२ सीटच्या विमानात सामान ठेवायची जागा ती किती. आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक होतं बांगलादेश, त्यांनी आयात ड्युटी वाढवत नेली तसा भाव पडत गेला, आणि माल रोडने किंवा रेल्वेनेच जात होता. तुम्हाला पाहिजे कोल्ड स्टोरेज, चांगलं ग्रेडिंग-वॅक्सिंग, प्रक्रिया उद्योग आणि किसान रेलसारखी वेळेवर येणारी गाडी. पुढारी पुन्हा आले तर त्यांना हेच विचारा.

आमचं वावर धावपट्टीले लागून हाये. मोजणीवाले येऊन गेले, कोणी म्हन्ते सही करून टाका, कोणी म्हन्ते करू नका. काय करावं?
*– एक शेतकरी, अकोला जिल्हा*

भाऊ, घाईत कशावरही सही करू नका. पहिले नोटीस कोणत्या कायद्याखाली आलीये ते वाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल तर प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते आणि तुमचं म्हणणं कलेक्टरला ऐकून घ्यावं लागतं. एमआयडीसीच्या कायद्याखाली असेल तर रस्ता वेगळा आहे, तेव्हा तालुक्याच्या नाही तर जिल्ह्याच्या चांगल्या वकिलाला दाखवा.

भाव कसा ठरतो तेही समजून घ्या. आजूबाजूच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्यांची सरासरी काढतात, ग्रामीण भागात ती एक ते दोनने गुणतात आणि त्यावर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून मिळते, म्हणून लोक चारपट म्हणतात. आपल्याकडे स्टॅम्प ड्युटी वाचवायला खरेदीखतात भाव कमी लिहायची सवय आहे, त्याचा मार अशा वेळी अख्ख्या गावाला बसतो. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं, गोठा ह्यांचा मोबदला वेगळा धरतात, पण ते कागदावर असलं पाहिजे. संत्र्याची झाडं, विहीर सातबाऱ्यावर नसेल तर आत्ताच तलाठ्याकडे जाऊन नोंद करून घ्या, ई-पीक पाहणी भरा, फोटो काढून ठेवा. वडिलांच्या नावावरची जमीन असेल तर फेरफार करून बहिणींसकट सगळ्या वारसांची नावं लावा, नाहीतर पैसा कोर्टात अडकतो आणि घरात भांडणं लागतात.

थेट खरेदीला संमती दिली तर पैसे लवकर आणि थोडे जास्त मिळतात, पण एकदा खरेदीखत करून दिलं की पुढे वाढीव मोबदला मागायला जागा राहत नाही. भाव पसंत असेल तरच त्या रस्त्याने जा. आणि निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा कलेक्टरचा आदेश, होऊन पैसे उचलायची वेळ आली तर निषेध नोंदवूनच उचला, तसं लेखी द्या आणि पोच घ्या, कारण निषेधाशिवाय पैसे घेतले की वाढीव मोबदल्याचा अर्ज करायचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर त्या अर्जाला सहा आठवड्यांची मुदत असते आणि पेरणी-काढणीच्या धांदलीत ती कधी निघून जाते कळत नाही, म्हणून तारीख लिहून ठेवा. ह्याच कायद्यात हेही आहे की ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा सरकारी लँड बँकेत परत जाते, तेव्हा ताबापावतीची तारीख आणि झेरॉक्स घरात जपून ठेवा, मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका.