पाटल्या मोडण्याआधी

"बी.फार्म. झालंय. क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा करू का? फी दीड लाख आहे, प्लेसमेंट शंभर टक्के म्हणतात." मी करिअरचा सल्ला देते, आणि निकाल लागले की हा प्रश्न माझ्याकडे ठरलेला. दोन वर्षांपूर्वी तो घेऊन बार्शीहून मायलेकी आल्या. मुलीला शर्वरी म्हणू, खरं नाव वेगळं आहे.

शर्वरीने गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. आईची काळजी निराळीच होती. "मॅडम, फीसाठी माझ्या पाटल्या मोडू, त्याचं काही नाही. पण माणसांवर औषधांचे प्रयोग करायचे म्हणजे पोरीला पाप नाही ना लागणार?"

शर्वरी लाजली. मला मात्र आईचा प्रश्न जास्त कामाचा वाटला.

हॉस्पिटलात औषधांच्या चाचण्यांचं काम बघणाऱ्या ओळखीच्या एका कोऑर्डिनेटरने मला शिकवण्यापुरता संमतीपत्राचा एक कोरा मराठी नमुना करून दिलाय, मधुमेहाच्या गोळीच्या चाचणीचा. तो शर्वरीच्या हातात दिला आणि म्हटलं, "आई पेशंट आहे असं समज. समजावून सांग."

दुसऱ्याच परिच्छेदात गाडी अडली. 'यादृच्छिक पद्धतीने गटविभागणी.' शर्वरीने ते दोनदा वाचलं, मग इंग्रजीत 'रँडमायझेशन' म्हणाली आणि गप्प बसली. आईनेच विचारलं, "म्हणजे चिठ्ठ्या टाकतात तसं?"

"हो."

"मग खऱ्या औषधाची चिठ्ठी कुणाला निघाली ते डॉक्टरला तरी ठाऊक असतं का?"

पुष्कळ चाचण्यांत नसतं. ते पेशंट आणि डॉक्टर दोघांपासूनही झाकून ठेवतात. आईचे प्रश्न थांबेनात. मधेच सोडता येतं का? येतं, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. वाचता येत नसेल तर? मग चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवावा लागतो. काही बरंवाईट झालं तर? २०१९च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. शिवाय सगळ्यावर नैतिकता समिती असते, निदान सात जणांची, आणि तिच्यात एक सामान्य माणूस आणि एक बाई असलीच पाहिजे.

"बाई असते होय," आई म्हणाली आणि पाण्याचा ग्लास उचलला. पापाचा विषय तिथे मिटला.

मग शर्वरीकडे वळले. तिच्या डोक्यात होतं ते सीआरएचं, म्हणजे मॉनिटरचं काम: बॅग घेऊन शहरोशहरी फिरायचं, हॉस्पिटलांच्या फायली तपासायच्या. पण ती जागा बहुतेक ठिकाणी अनुभवी माणसालाच देतात. नवख्याला दार उघडतं ते साइट कोऑर्डिनेटरचं. पेशंटला फोन करून तारखेला बोलावणं, मूळ कागदावरची नोंद जशीच्या तशी फॉर्ममध्ये चढवणं, औषधाच्या फ्रीजचं तापमान टिपणं, समितीला कागद पाठवणं. या कामाला वकिलासारखी सनद लागत नाही. बी.फार्म. पुरतं. जीसीपीचं, म्हणजे चाचणी नीट कशी करायची त्या नियमांचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) प्रशिक्षण लागतं, आणि अमेरिकेतल्या 'नायडा' या सरकारी संस्थेचा तो कोर्स ऑनलाइन फुकट आहे. आपल्याकडच्या चाचण्या सीटीआरआयच्या, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या असतात. कुठल्या शहरात, कुठल्या हॉस्पिटलात काय चाललंय ते तिथे दिसतं. अर्ज कुठे टाकायचे याची यादी तिथूनच निघते.

माहितीपत्रक पुन्हा उघडायला लावलं. 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या पुढे बारीक अक्षरात 'असिस्टन्स' होतं. म्हणजे मुलाखतीला पाठवतील, नोकरी लागेलच असं नाही. असं बारीक अक्षर आधी वाचायचं, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका कोर्सला मी स्वतः एका मुलाला पाठवलं होतं. त्याला जिथे 'प्लेस' केलं, तिथे चाचणीचा कागदही त्याच्या हाताला लागला नाही. तो विमा कंपनीचे फोन घ्यायचा. त्या मुलाच्या वडिलांचा चेहरा अजून आठवतो.

डिप्लोमा नेहमीच फुकट जातो असं मात्र नाही. शिक्षणात मोठा खंड पडलाय, शहरात ओळख कुणाची नाही, आणि कोर्समध्ये निदान काही महिने खऱ्या हॉस्पिटलात बसवतात, अशा वेळी मी हो म्हणते. तेही मागच्या बॅचच्या चार मुलांशी बोलून झाल्यावर.

शर्वरीला मी आधी त्या कोऑर्डिनेटरकडे दोन दिवस पाठवलं. परत आली ती थोडी हिरमुसून. "मॅडम, तारीख चुकली म्हणून मी व्हाइटनर मागितला, तर सगळे माझ्याकडे बघायलाच लागले." तिथे व्हाइटनर चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची, जुनं वाचता यायला हवं, शेजारी बरोबर तारीख, स्वतःची सही आणि आजचा दिवस. या बारकाव्यांचा कंटाळा आला का, असं विचारलं. "नाही. पण हे आम्हाला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही."

पाटल्या मोडल्या नाहीत. जीसीपीचं प्रमाणपत्र पंधरा दिवसांत झालं. नोकरीला मात्र पाच महिने लागले, त्यातले तीन नुसते उत्तराची वाट बघण्यात गेले. अखेर पुण्यात हॉस्पिटलांना कोऑर्डिनेटर पुरवणाऱ्या एका कंपनीत लागली. पगार असा की खोलीभाडं आणि मेस भागली की हातात फार उरत नाही, हे मी दोघींना आधीच सांगितलं होतं.

मधे एकदा रात्री तिचा फोन आला. चाचणीतल्या एका आजोबांना छातीत दुखलं म्हणून भरती केलं होतं आणि २४ तासांच्या आत कळवायचा अहवाल ती डॉक्टरांबरोबर भरत होती. आजोबा बरे होते. आवाज मात्र तिचा थरथरत होता. "मी घाबरलेय हे आईला सांगू नका," म्हणाली.

आईला आजोबांचं सगळं आधीच माहीत होतं. आजोबांच्या सुनेला धीर द्यायला शर्वरीने फोन आईलाच जोडून दिला होता, आजोबांचं नाव न सांगता.

त्यावरून मी शर्वरीला रागावले. पेशंटची गोष्ट घरी जाता कामा नये, हेही प्रशिक्षणातच येतं.