सायकल पायथ्याशी, आपण माथ्यावर

प्रश्न : एकटीनेच दिवसभराचा बेत आखलाय. पायथ्यापर्यंत माउंटन बाइक, पुढे पायी माथा. काय सांभाळू?

उत्तर : बेत झकास आहे, जरूर जा! आधी बूट. क्लीटचे बूट (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) खडकावर सटकतात. मी सपाट पेडल लावते आणि चालायच्या बुटांतच सायकल चालवते. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक, दोन्हींतून घ्या.

खरी कसोटी परतीला. चालून मांड्या भरून आलेल्या असतात, उतारावर पेडलवर उभं राहणं जड जातं, बोटं ब्रेकवर आवळली जातात. म्हणून सायकलवर बसण्याआधी थोडं टेका, काहीतरी खा, दोन्ही ब्रेक दाबून पाहा. जास्तीची ट्यूब आणि पंप हवाच. मार्ग आणि मागे फिरायची वेळ घरी सांगून ठेवा. माथा समोर दिसत असला तरी त्या वेळेला वळा.