वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी स्पोर्ट्स कार सुरूच होत नाही. इंजिन खोलावं का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची साठच्या दशकातली दोन सीटची इंग्लिश गाडी वाड्यात कित्येक वर्षांपासून उभी आहे. नवी बॅटरी टाकली, पण सेल्फ मारला की नुसतं 'टक्' होतं. गावचा मिस्त्री म्हणतो इंजिन जाम आहे, खोलावं लागेल, नाहीतर सरळ डिझेल इंजिन बसवून टाका. तर काय करावं आणि खर्च किती येईल?

खोलू नका. मिस्त्रीला चहा पाजा आणि रवाना करा.

इतक्या तावातावाने लिहितोय कारण 'जाम हाय, खोला लागते' हे वाक्य आमच्या अंगणात आमच्या जवायांनी उच्चारलं होतं, आणि त्याला उत्तर द्यायची तेव्हा सोय नव्हती.

आमची गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क टू, १९६५ चं मॉडेल, ११४७ सीसी. बाबा सांगतात त्याप्रमाणे ती भंडाऱ्याकडच्या मँगनीज खाणीवरच्या कुण्या इंग्रज साहेबाची. त्याच्याकडून हिंगणघाटच्या एका जिनिंगवाल्या शेठजीकडे गेली आणि शेठजींचं दिवाळं निघाल्यावर कापसाच्या थकलेल्या पैशात आमच्या आजोबांच्या गळ्यात पडली. आजोबांना गाडी चालवता येत नव्हती. पैसे बुडण्यापेक्षा लोखंड बरं, एवढाच त्यांचा हिशोब. काकांनी काही वर्षं ती पुलगाव-आर्वी रस्त्याने उडवली, मग ती कोठ्यात बैलांच्या शेजारी जाऊन बसली. हिचं बोनेट दोन्ही मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. पोळ्याला बैल पाहायला आलेली पोरं बैल सोडून हेच पाहत उभी राहायची.

आमचे भाऊजी, म्हणजे मोठ्या ताईचे मालक, तेव्हा एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगला होते. ट्रॅक्टरमधलं त्यांना कळतं, त्याबद्दल माझा काही वाद नाही. दिवाळीत ते आले, मी नवी बॅटरी आणून ठेवलीच होती, त्यांनी ती जोडली, चावी फिरवली, टक्. पुन्हा फिरवली, टक्. झालं निदान.

त्याच्या आधीच मी चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं होतं, ते चांगलं मुरू दिलं होतं आणि टॉप गिअर टाकून गाडी मागेपुढे हलवून पाहिली होती. पंखा फिरत होता. या इंजिनात पंखा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून बेल्टने फिरतो, म्हणजे पंखा फिरला की क्रँक फिरलाच. क्रँक फिरतोय तर जाम कशाचं? हे मी बोललो. बाबा म्हणाले, "राहू दे न बे. थे सर्व्हिसिंगमंधले मानूस हायेत, तुले काय समजते त्यातलं?"

सासुरवाडीत आलेल्या जवायाचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो, हे तुम्ही आमच्याकडचे असाल तर सांगायला नको. संध्याकाळपर्यंत हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरलं आणि सरकीच्या पोत्यावर जाऊन पडलं. दोन्ही कार्बोरेटर सुटे होऊन आईच्या परातीत आले, सगळं एकत्र. हे एसयू कंपनीचे कार्बोरेटर असतात. त्यांचा पिस्टन आणि त्यावरचा घुमट एकमेकांना मापून बसवलेले असतात, त्यामुळे याचा पिस्टन त्याच्या घुमटात चालत नाही. निदान सोडताना खुणा तरी करायच्या की नाही? दुसऱ्या दिवशी जेवता जेवता भाऊजींनी जाहीर केलं, "पेट्रोलची झंझटच नोको. जीपचं डिझेल टाकू हिच्यात. ॲव्हरेज देईन, वावरातबी नेता येईन." आणि भाऊबीज आटोपून ते ताईला घेऊन चंद्रपूरच्या गाडीने निघून गेले.

हेड पोत्यावर, परात पलंगाखाली. आई रोज विचारायची, माझी परात कधी देतोस?

पुढे पुलगावहून एका म्हाताऱ्या वायरमनकाकांना बोलावलं. आयुष्यभर मिलिटरीच्या गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. ठिणगीचा करंट वाढवणारी कॉइल पाहिली, बॅटरी पाहिली आणि म्हणाले, "बाबू, हे कोनं लावली? उलटी हाय." त्या काळातल्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला आणि मायनस सेल्फकडे. स्पिटफायरला तर १९६७ मध्ये मार्क थ्री आली तेव्हा कुठे मायनस बॉडीला गेला. आमच्या मार्क टूच्या बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला होता, ट्रॅक्टरसारखा. तेवढ्याने सेल्फ अडत नाही, तो कसाही जोडला तरी त्याच बाजूला फिरतो. पण कॉइलला उलटा करंट मिळाला की प्लगची ठिणगी अशक्त पडते, आणि डायनामोचं चार्जिंग बिघडतं ते वेगळंच. बॅटरी सुलट करून आणि कॉइलच्या दोन तारा जागेवर लावून झाल्यावर त्यांनी मला सेल्फ मारायला लावलं. टक्. "अजून मार. आता चोकची केबल धरून पाय."

चटका बसला. कार्बोरेटर सुटले तरी तिचं लोंबतं टोक इंजिनला टेकलेलं होतं. केबलच्या वरच्या कव्हरमधून धुराची बारीक रेघ निघत होती.

तुमच्या 'टक्'चं उत्तर बहुतेक इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. इंजिन आणि बॉडी जोडायला तांब्याची विणलेली एक पट्टी असते. ती सडली की सेल्फचा सगळा करंट मिळेल त्या वाटेने परत जायला बघतो, आणि वाट कोणती मिळते, तर चोकची नाहीतर ॲक्सिलरेटरची बारीक तार. सेल्फला लागणारा करंट तिला झेपतो थोडाच? म्हणून केबल तापते आणि सेल्फ जागचा हलत नाही. आमची पट्टी बोटात धरली तर हिरवी पूड होऊन गळून पडली.

काकांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकावर लावलं आणि दुसरं थेट इंजिनच्या एका स्वच्छ बोल्टवर. मी चावी फिरवली. हेड तर उतरलेलंच होतं, त्यामुळे वरून सगळं उघडं दिसत होतं. चारही पिस्टन वरखाली धावायला लागले, ऑइलने चकचकीत, कुठे अडखळणं नाही, घासणं नाही. जाम म्हणे! मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. ताईला पाठवला. भाऊजींना दाखव असं लिहिलं नाही, तिला समजतं.

तर तुम्ही आधी हे करा. प्लग काढा, ऑइल सोडा, गिअरमध्ये हलवून इंजिन हाताने फिरतं का बघा. फिरत असेल तर बॅटरीची बाजू तपासा. लुकास कंपनीच्या जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतील तर गाडी पॉझिटिव्ह अर्थची समजायला हरकत नाही. सीबीची तार डेल्कोकडे, म्हणजे चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे, जाते. मग जंपर केबलची ती परीक्षा. सेल्फ फिरला की प्लग इंजिनला टेकवून करंट पाहा. निळा कडक करंट पाहिजे. पिवळा, मरतुकडा आला तर बहुतेक वेळा डेल्कोतल्या पॉइंटवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, वर्षानुवर्षांचा थर बसलेला असतो. बारीक पॉलिश पेपरने घासायचा, पेट्रोलने पुसायचा आणि गॅप साधारण ०.४ मिलिमीटर ठेवायची. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला, तो स्वस्तातला आहे. आणि दोन वायरी कुठे जोडलेल्या दिसल्या नाहीत तर आधी उंदरांवर संशय घ्या. आमच्याकडे त्यांनी डॅशबोर्डमागे कापसाचं घरच केलं होतं.

टाकीतलं जुनं पेट्रोल वापरू नका. त्याला वार्निशसारखा वास येतो आणि ते कार्बोरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल येतं ते बारीक भोक, बंद करतं. तपासणीपुरती गावाकडची सलाईनच्या बाटलीची युक्ती उत्तम. बाटली वर टांगायची आणि ताजं पेट्रोल थेट कार्बोरेटरला द्यायचं. टाकी आणि एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा, एसी कंपनीचा) मागाहून पाहता येतात. एसयूचा पिस्टन बोटाने वर उचलून सोडला की त्याने 'खट्' आवाज करत खाली पडलं पाहिजे. आमचे पिस्टन अर्थातच अडकत होते, परातीच्या कृपेने. अदलाबदल करून जोड्या लावाव्या लागल्या.

हेडचं गॅस्केट इंग्लंडहून मागवलं, हेड बसवलं आणि गाडी सुरू झाली. सायलेन्सरमधून आधी उंदरांनी साठवलेली सरकी उडाली, मग निळा धूर.

आता डिझेलबद्दल, कारण तुमचा मिस्त्रीही तेच म्हणतोय. एकेकाळी लोकांनी ॲम्बेसिडरमध्ये, पद्मिनीत डिझेल टाकलं, कारण त्यांना गाडी टॅक्सीत लावायची होती. तुमची गाडी कोणत्या स्टँडवर लावणार आहात? स्पिटफायर अख्खी सातशे किलोच्या आसपास. तिच्या नाकावर जीपचं बिडाचं इंजिन ठेवलं तर पुढचं सस्पेन्शन किती दिवस टिकेल? आणि भाऊजींना जे मी इतकी वर्षं सांगू शकलो नाही ते इथे लिहितो. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी पाहिजे आणि मूळ रूपात पाहिजे, चॅसी, बॉडी, इंजिन यांत फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. डिझेल टाकलं की हा रस्ता बंद. ॲव्हरेज घ्या मग.

व्हीए नंबरवर रोज गाडी फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामापुरतीच, हेही लक्षात असू द्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. सलाईनची बाटली लावाल तेव्हा जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवा आणि बाटली सायलेन्सरपासून लांब टांगा. कोठ्यात कडबा असेल तर गाडी आधी अंगणात ढकला. सुरू झाली म्हणून लगेच रस्त्यावर काढू नका. ब्रेकचे मास्टर आणि व्हील सिलिंडर इतक्या वर्षांत गंजलेलेच असतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि एसी पंपाचा पडदा नवा टाका. ट्रायम्फ असेल तर पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात, गिअर ऑइल घाला, ग्रीस नको. ग्रीसवर चालवलेले ट्रनियन झिजून तुटतात आणि चाक आडवं होतं. मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड याच गाडीची बहीण, पुढच्या सस्पेन्शनचे बरेच भाग तिचे जुळतात, भंगारवाल्याकडे तिच्या नावाने विचारा. मात्र तिचं इंजिन ९४८ सीसीचं, त्यामुळे पिस्टनच्या मागे लागू नका. गाडी एमजी असेल तर ट्रनियन आणि हेराल्डचं सोडा, लुकास आणि एसयूचं बहुतेक तसंच्या तसं लागू.

खर्चाचं काय सांगू? पट्टीला किरकोळ पैसे लागले. बाकी सगळा खर्च न बिघडलेलं उघडल्यामुळे झाला.

कॉइलवर कोणती अक्षरं आहेत आणि चोकची केबल तापते का, एवढं आधी पाहून सांगा, पुढचं मग बोलू. आणि भाऊजी, वाचत असाल तर एका डॅशपॉटचं, म्हणजे कार्बोरेटरच्या त्या घुमटाचं, टोपण अजून मिळालेलं नाही. तुमच्या टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात पाहा, या पोळ्याला येताना घेऊन या.