वचन मिळालंय, मग मी अर्ज कशाला करू?

"देवाने वचन दिलंय. आता मी स्वतः हातपाय मारले तर तो अविश्वासच ठरेल ना?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणी लग्नाबद्दल विचारतं, कुणी मूल होण्याबद्दल, कुणी आजारपणाबद्दल. आणि त्याच्यामागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला असतो: "इतके दिवस झाले, काहीच घडत नाही. माझाच विश्वास कमी पडतोय का?" पहिला प्रश्न माणसाला जागेवर बसवून ठेवतो, दुसरा त्याला आतून पोखरतो. दोन्ही एकाच वेळी छळू लागले की माणूस प्रार्थना करत राहतो खरा, पण त्या प्रार्थनेत त्याला विसावा मिळत नाही.

अशाच एकीची ही हकीकत. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीच्या आसपास, हिशेबाच्या कामात मुरलेली. ती काम करत होती ती कंपनी बंद पडली. सुरुवातीचे काही महिने तिने अर्ज केले, मुलाखती दिल्या, नकार पचवले. मग एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या वक्त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की देव तुझ्यासाठी दार उघडतो आहे, आणि बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथातलं २९:११ हे तुझं वचन आहे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव तिथे म्हणतो. त्या दिवसापासून तिने अर्ज करणं बंद केलं. उपास चालू, पहाटेची प्रार्थना चालू, वचन मोठ्याने म्हणणं चालू. घर मोठ्या बहिणीच्या पगारावर चाललेलं, आणि कर्जाच्या हप्त्यांची पत्रं कपाटात न उघडता ठेवलेली. असं दीड वर्ष गेलं होतं. ती माझ्याकडे आली तीही बहिणीच्या आग्रहाखातर.

पहिल्या भेटीत मी विश्वासाबद्दल फारसं बोलत नाही. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, हे आधी विचारते. आध्यात्मिक प्रश्न घेऊन आलेल्याला हे विचारणं काहींना खटकतं. पण एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. मग पुढचं बोलणं. तिची झोप बरीच बिघडली होती, म्हणून तिला डॉक्टरांकडेही पाठवलं. प्रार्थना करणाऱ्या माणसाने डॉक्टरकडे जाऊ नये, असं शास्त्रात मला कुठे आढळलेलं नाही.

पुढच्या भेटीत विचारलं, "त्या वचनाच्या आधीचं आणि नंतरचं वाचलं आहेस?"

तिने वाचलं नव्हतं. अकरावं वचन पाठ होतं, मोबाइलच्या पडद्यावर होतं, भिंतीवर होतं. दहावं काय आहे हे ठाऊक नव्हतं. आम्ही तो अध्याय पहिल्या ओळीपासून सावकाश वाचला.

ते एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतल्या लोकांना बाबेलला नेलं. परमुलखात अडकलेल्या त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते लिहिलं. त्यांच्यातही लवकर सुटकेची आशा दाखवणारे होते. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना हेच हवं होतं. यिर्मयाचं पत्र नेमकं उलट सांगतं: घरं बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, लग्नं करा, मुलाबाळांचीही लग्नं करून द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहाव्या वचनात सत्तर वर्षांचा आकडा येतो, आणि तिचं लाडकं वचन येतं ते त्यानंतर.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होती. "म्हणजे ज्यांना पत्र गेलं त्यातले कितीतरी जण परत गेलेच नसतील."

"हो. मोठी माणसं तिथेच वारली असणार."

"मग हिताचे संकल्प कसले?" तिचा आवाज चढला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. दीड वर्षात तिने देवापुढे एकदाही आवाज चढवला नव्हता. तेराव्या स्तोत्रात दावीद 'कोठवर' असं पुन्हा पुन्हा विचारतो आणि ते स्तोत्र मंडळीत आजही वाचलं जातं. तक्रार म्हणजे अविश्वास, हे तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे.

तिचा पुढचा प्रश्न होता, "मग हे वचन माझं नाहीच का?"

यावर मी गोड बोलून वेळ मारून नेत नाही. ते पत्र एका विशिष्ट लोकांना, एका विशिष्ट काळात गेलं. त्यातली सत्तर वर्षं आपली नाहीत, आणि त्यात नोकरीचं नावही नाही. पण ज्या देवाने ते लिहवून घेतलं तो आपलाच आहे. तो आपल्या लोकांना विसरत नाही, परमुलखातही त्यांचं ऐकतो, हे आपल्यापर्यंत पोचतं. वेळापत्रक मात्र पोचत नाही. शिवाय सर्व विश्वासणाऱ्यांना उघड दिलेली वचनं थोडी नाहीत. ज्याला ज्ञान उणं आहे त्याने मागावं म्हणजे मिळेल, असं याकोब लिहितो. मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही, हे इब्री लोकांस पत्रात आहे. 'मी सदोदित तुमच्याबरोबर आहे' हे मत्तयाच्या शेवटी येतं, आणि ते 'जा, शिष्य करा, शिकवा' या आज्ञेला जोडूनच येतं. वचन आणि काम तिथे एकाच दमात सांगितलं आहे.

त्या वक्त्याबद्दलही बोलणं झालं. तो खोटारडा होता असं मी म्हटलं नाही, मला काय माहीत? पण असे पाहुणे दुसऱ्या दिवशी निघून जातात आणि त्यांच्या एका वाक्यावर कुणाचं तरी घर पुढची कित्येक वर्षं चालतं, किंवा चालायचं थांबतं. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे म्हणतो, सगळ्याची पारख करा. ही पारख कुणी करायची? ऐकणाऱ्याने. ती जबाबदारी तिने दुसऱ्यावर टाकली होती. वचन दुसऱ्याने निवडायचं, अर्थ दुसऱ्याने सांगायचा, प्रार्थनाही शक्यतो दुसऱ्याने करायची. इतकी वर्षं मंडळीत असून तिचं वाचन दुधावरच होतं, आणि जड अन्न पारख करायला सरावलेल्यांसाठी असतं, असं इब्री लोकांस पत्र स्पष्ट सांगतं. हे मी तिला सांगितलं. ऐकून ती रागावली.

पुढच्या वेळी ती तयारीने आली. "ताई, हागारचं काय? अब्राहामाने वचनाची वाट न पाहता स्वतः खटपट केली आणि घोळ झाला. मीही तेच करू म्हणता?"

हा तिचा सर्वांत चांगला प्रश्न. देवाने संततीचं वचन दिलेला अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा असताना घर सोडून निघाला, शहाऐंशीव्या वर्षी बायकोच्या, म्हणजे साराच्या, दासीपासून, हागारपासून, इश्माएल झाला, शंभराव्या वर्षी साराला इसहाक झाला. इश्माएल होईपर्यंतची अकरा वर्षं अब्राहाम आणि सारा दोघांना जड गेली हे खरंच. पण त्या खटपटीत दोष कुठे होता? एका दासीला तिचं मन न विचारता वापरलं गेलं आणि नंतर छळ करून पळवून लावलं. वचन पूर्ण करण्यासाठी दुसऱ्याचं आयुष्य वेठीला धरलं, दोष तिथे होता. हाच अब्राहाम बाकी वेळ कष्ट करतच होता. कळप सांभाळत होता, विहिरी खणत होता, शेजाऱ्यांशी करार करत होता. सारा वारली तेव्हा तर तिला पुरण्यासाठी त्याने मकपेलाची जागा एफ्रोन हित्तीकडून चारशे शेकेल चांदी तोलून विकत घेतली. तो सगळा देश देवाने त्याला देऊ केला होता, एफ्रोन जागा फुकट देतो म्हणत होता, तरी त्याने पूर्ण किंमत मोजली. यिर्मयानेही तेच केलं. बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, स्वतः कैदेत, तरी त्याने अनाथोथचं शेत सतरा शेकेलांना घेतलं, साक्षीदार बोलावले, खरेदीखत मडक्यात जपून ठेवायला लावलं. वचनावर भरवसा असलेली माणसं अशी व्यवहार करत होती.

ती गप्प झाली आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. अर्जाचा विचार केला तरी तिच्या पोटात गोळा यायचा. आधीचे नकार तिच्या जिव्हारी लागले होते. आता वचन मिळाल्यावर नकार आला, तर? मग देवच खोटा ठरेल. म्हणून अर्जच करायचा नाही. अर्ज नाही तर नकार नाही, नकार नाही तर वचन शाबूत.

माझ्या अनुभवात 'वचन धरून बसलेल्या' अनेकांच्या तळाशी हीच भीती असते. ती विश्वासाच्या भाषेत बोलते म्हणून ओळखू येत नाही. अशा माणसाला 'विश्वास वाढव' म्हणणं क्रूरपणाचं आहे, आणि 'ऊठ, कामाला लाग' म्हणणंही फारसं उपयोगाचं नाही. तिला मी एवढंच म्हटलं की देवाच्या शब्दाला तुझ्या राखणीची गरज नाही. आणि विश्वास मोहरीच्या दाण्याएवढा चालतो असं प्रभूनेच म्हटलं आहे, तेव्हा त्याचं माप काढण्यात रात्री घालवू नकोस.

कामाची सुरुवात कपाटातल्या पत्रांपासून केली. बहिणीला शेजारी बसवून रोज एकच पत्र उघडायचं, वाचायचं, रक्कम वहीत लिहायची, मग प्रार्थना. हिशेबात मुरलेल्या बाईला स्वतःचा हिशेब मांडायला किती रडावं लागलं हे मी पाहिलं. वही पूर्ण झाल्यावर ती बँकेत जाऊन बोलली आणि हप्ते लांबवून घेतले. मग एक अर्ज. नकार आला. त्या दिवशी तिने मला फोन केला तो रडत नव्हे, चिडून, आणि दुसरा अर्ज पाठवून झाल्यावर.

तिने आणखी एक गोष्ट अडवून ठेवली होती. पाळकांनी तिला रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला आणि मंडळीचे जमाखर्च पाहायला कधीच विचारलं होतं. तिचं उत्तर ठरलेलं: "आधी माझं काम होऊ दे, मग देवाने काय केलं याची साक्ष देऊनच सुरुवात करीन." असं म्हणणारे खूप भेटतात. आधी देवाने आपलं पुरं करावं, मग आम्ही आमचं करू. बाबेलला नेलेल्या दानीएलाने यिर्मयाच्या ग्रंथात सत्तर वर्षांचा आकडा वाचला तेव्हा तो वाट पाहत बसला नाही, गोणपाट नेसून, उपास करून आपल्या लोकांच्या पापाची कबुली देऊ लागला. त्याच्या आधीच्या अध्यायात तर तो दृष्टांताने आजारी पडतो आणि बरा झाल्यावर उठून राजाच्या कामाला लागतो. ज्या राज्याने त्याच्या लोकांना कैद करून नेलं, त्याच राज्याच्या कामाला. हे वाचल्यावर तिने पाळकांना होकार कळवला. साक्ष सांगण्याजोगं काही घडलेलं नसताना.

आज तिच्याकडे दोन छोट्या संस्थांच्या हिशेबाचं अर्धवेळ काम आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. हेच ते उघडलेलं दार का, असं कुणी विचारलं तर ती 'माहीत नाही' म्हणते, आणि मीही तिला ते ठरवून देत नाही.

मध्यंतरी रविवारच्या शाळेत मकपेलाचा धडा होता. एका मुलाने विचारलं, देश देवाने दिलाच होता तर अब्राहामाने पैसे का दिले? तिने मला फोन करून माझं मत विचारलं. मी म्हटलं, त्याचा भरवसा होता म्हणून त्याला घाई नव्हती. तिला ते पटलं नाही. "वचन अब्राहामाला होतं, ताई. एफ्रोनला नव्हतं. त्या बिचाऱ्याने का नुकसान सोसायचं?"

त्या महिन्यापासून ती बहिणीला थोडे थोडे पैसे परत करते आहे. बहीण नको म्हणते, पण ही ऐकत नाही.