हॉल्स्टन इतका मोठा डिझायनर, मग त्याचा धंदा बुडाला कसा?

तुम्ही विचारलंय की जेसी पेनी या अमेरिकेतल्या स्वस्त दुकानांच्या साखळीसाठी कपडे केले म्हणून हॉल्स्टन संपला, हे खरं का. अर्धं खरं आहे. खरा घोळ त्याच्या दहा वर्षं आधीच होऊन बसला होता, फक्त तेव्हा तो कुणालाच घोळ वाटला नाही, त्याला स्वतःला तर मुळीच नाही.

रॉय हॉल्स्टन फ्रोविक मूळचा आयोवाचा, न्यूयॉर्कला येऊन बर्गडॉर्फ गुडमन या महागड्या स्टोअरसाठी टोप्या करायचा. १९६१ मध्ये केनेडींच्या शपथविधीला जॅकलिनबाईंनी घातलेली ती डबीसारखी टोपी त्याचीच. मग कपडे सुरू केले, आणि १९७२ चा त्याचा अल्ट्रास्वेडचा शर्टड्रेस (दिसायला मऊ चामडं, प्रत्यक्षात जपानी कंपनीचं कृत्रिम कापड, बिनधास्त मशीनला टाका) धडाधड खपला.

पण मी पॅटर्न कटिंग करते म्हणून सांगते, त्याचं खरं कसब उरेब कापडात. धाग्याला तिरकं कापायचं, कधीकधी अख्खा ड्रेस एकाच तुकड्यात, शिवण नावाला. असा पॅटर्न टेबलावर सपाट पसरलेला बघितला तर हात कुठे घालायचा आणि डोकं कुठून काढायचं हेच कळत नाही, अंगावर चढला की कळतं. असलं काम हाताखालच्या माणसाला "तू बघून घे" म्हणून सोडवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९७३ मध्ये त्याने धंदा नॉर्टन सायमन या कंपनीला विकला, सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरला. ही कंपनी टोमॅटो केचपपासून मॅक्स फॅक्टरच्या मेकअपपर्यंत सगळं विकणारी. आणि विकलं काय, तर नुसती मशिनं आणि दुकान नाही हो, कपड्यांवर "हॉल्स्टन" लिहायचा हक्कसुद्धा! स्वतः तिथेच पगारी डिझायनर. सुरुवातीला सगळं झकास चाललं. दागिन्यांची डिझायनर एल्सा पेरेटी हिने केलेल्या वाकड्या मानेच्या बाटलीतला परफ्यूम तुफान चालला, न्यूयॉर्कच्या ऑलिम्पिक टॉवर या उंच इमारतीत आरशांच्या भिंतींचं ऑफिस आलं, वर मालकाने पैसे पुरवलेत म्हटल्यावर खर्चाला कोण विचारतंय.

मग नावाचं लायसन्स, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या मालावर हे नाव लावायची परवानगी, देत सुटले. बॅगा, चादरी, गालिचे, ब्रॅनिफ विमान कंपनीचे युनिफॉर्म, गर्ल स्काउट्सचे पण. आणि हा गडी प्रत्येक गोष्ट स्वतःच करणार, दुसऱ्याच्या हातात द्यायला तयारच नाही! कामं तुंबली. त्यात स्टुडिओ ५४ या नाइटक्लबमधल्या रात्री आणि कोकेन, लोक सगळा दोष या व्यसनांनाच देतात, पण नाव स्वतःच्या मालकीचं असतं तर तो त्यातूनही सावरला असता असं मला वाटतं.

१९८३ ला जेसी पेनीचा करार झाला, रक्कम अब्ज डॉलरच्या घरातली. स्वस्त दुकानातलं नाव आपल्याकडे नको म्हणून लगेच बर्गडॉर्फने त्याचा माल काढून टाकला. गंमत बघा, २००४ ला शनेलच्या नामांकित डिझायनर लागरफेल्डने एच अँड एम या स्वस्त दुकानांच्या साखळीसाठी कपडे केले तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. म्हणजे कल्पना वाईट नव्हती, वीस वर्षं लवकर आली इतकंच.

इकडे १९८३ मध्येच नॉर्टन सायमनला एस्मार्क या कंपनीने गिळलं, पुढच्या वर्षी एस्मार्कला बिअॅट्रिस या कंपनीने. त्याला जपणारे जुने मालक गेले आणि नव्यांना फक्त आकडे दिसत होते. १९८४ मध्ये त्याला त्याच्याच ऑफिसात यायची बंदी झाली. १९८६ ला नाव रेव्हलॉन या मेकअपच्या कंपनीकडे गेलं. परत मिळवायला त्याने बरीच खटपट केली, जमलं नाही. १९९० मध्ये एड्सशी संबंधित आजाराने तो गेला. तोवर गायिका-अभिनेत्री लायझा मिनेलीसारख्या मैत्रिणींसाठी आणि नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहमच्या नर्तकांसाठी कपडे करत होता, फक्त हॉल्स्टन या नावाने विकायला एकही ड्रेस काढता येत नव्हता.